ट्रॉम्बोनच्या आधीची शांतता

एम्लिन प्यूला आमच्या दरीतल्या पितळी वाद्यांच्या बँडमधून काढलं ते सगळ्यांच्या देखत. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर त्याच्या पोरीच्या, हाइल्वेनच्या मनात एवढं विष साठलं नसतं, असं माझी बायको म्हणते. मला ते पटत नाही. बाजूला घेतलं असतं तरी बँडमास्तर प्रॉसरने शब्द तेच वापरले असते, आणि तेच शब्द पुढे क्लबात बिअर पिताना रंगवून सांगितले असते.

त्या दिवशी एक संथ धून बसवत होतो. एम्लिन पहिला ट्रॉम्बोन, मी त्याच्या शेजारी दुसरा. लांब सूर धरताना त्याला खोकला आला आणि सूर मधेच तुटला. सगळी उमर खाणीत गेलेला माणूस, खोकला येणारच. दरीतल्या निम्म्या पुरुषांना येतो. इडवल प्रॉसर आमच्याकडे नवा होता, दुसऱ्या बँडांना चषक मिळवून देऊन आलेला. त्याने हातातली ताल द्यायची काठी स्टँडवर ठेवली आणि म्हणाला, "एम्लिन, तुमच्या छातीत आता वारा राहिलेला नाही, कोळसा भरलाय. माझ्या बँडमध्ये कोळसा वाजत नाही."

मागे कॉर्नेटवाली दोन पोरं फिसकन हसली. त्यांना कॉर्नेट तोंडाला कसं लावायचं ते एम्लिननेच शिकवलं होतं.

एम्लिनने ट्रॉम्बोनचं तोंड रुमालाने पुसलं, दांडी सोडवली, पेटी बंद केली. "बरंय मुलांनो," म्हणाला आणि गेला. ती पेटी त्याने पुन्हा उघडली नाही. थंडी संपता संपता तो वारला. डॉक्टर फुप्फुसं म्हणाले. मागे हाइल्वेन, त्याची एकुलती एक पोर, उरली.

दफनाला प्रॉसर अख्खा बँड घेऊन आला. टोपी काढून उभा राहिला आणि 'आपला जुना सोबती' वगैरे बोलला. आवाजही भरून आणला. सगळे शवपेटीकडे बघत होते. हाइल्वेन मात्र खड्ड्याच्या पलीकडून प्रॉसरकडे बघत होती. पुढे कधीतरी पाडायचं ठरवलेल्या झाडाकडे माणूस बघतो, तशी.

आता पुढचं समजायचं तर आमच्या चॅपेलबद्दल, गावच्या छोट्या चर्चबद्दल, थोडं सांगायला हवं. आमचे पाळक पॅरीसाहेब प्रवचन बोलायला सुरुवात करतात, पण संपवतात गाऊन. आधी साधं बोलणं: बाजार, हवा, शेजाऱ्याची बकरी. मग आवाजाला हळूहळू चाल लागते. आणि मग एका जागी ते एकदम थांबतात. पुस्तकावर हात, डोळे वरच्या गॅलरीकडे, तोंडातून अक्षर नाही. बाकांवरची माणसं श्वास धरतात. म्हाताऱ्या बायकांचे ओठ आधीच हलायला लागतात. आणि मग तो आवाज वर चढतो, शब्द सुरात विरघळतात, आणि दगडासारख्या माणसाच्या डोळ्यांतूनही पाणी येतं. मी त्याच्यासाठीच रविवारची वाट बघतो. स्वर्गात पोचलोच तर तिथेही मला असंच काहीतरी ऐकायला मिळावं, एवढंच मागणं आहे. एम्लिन म्हणायचा, देवाने ट्रॉम्बोनला सरकती दांडी दिली ती पॅरीसाहेबांच्या गळ्याच्या मागोमाग जाता यावं म्हणून. हाइल्वेन त्याच्या मांडीवर बसून हे ऐकत मोठी झाली. पुढे ती चॅपेलात बापाच्या शेजारी उभी राहून ट्रॉम्बोनवर स्तोत्रांना साथ करायला लागली, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा सरस वाजवायला लागली.

ते प्रॉसरलाही ठाऊक होतं. पहिल्या ट्रॉम्बोनची खुर्ची रिकामी होती आणि विभागीय स्पर्धा तोंडावर. तो स्वतः तिच्या दारात गेला. तिने त्याला आत घेतलं, चहा दिला, मनुकांचा पाव कापून दिला, आणि येते म्हणाली.

गावाने तिला नावं ठेवायचं काही बाकी ठेवलं नाही. ती घरोघर फिरणारी नर्स; ज्यांची मलमपट्टी करायची तेच तिला ऐकवायचे. माझ्या बायकोने तर तिच्याशी बोलणंच टाकलं. "बापाच्या खुर्चीत, बापाच्या मारेकऱ्यासमोर! लाज कशी वाटत नाही म्हणते मी?"

एका रविवारी चॅपेलच्या दाराशी मी तिला गाठलं. "पोरी, हे काय चालवलंयस?"

"वॉटकाका, स्पर्धेसाठी नेमलेल्या रचनेत शेवटाकडे सगळा बँड थांबतो ती जागा आठवते?"

"न आठवायला काय झालं? मग तुझा एकटीचा ट्रॉम्बोन येतो."

"येणार नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"मास्तर हात उंच करतील," ती म्हणाली, "आणि मी ट्रॉम्बोन मांडीवर ठेवून बसून राहीन. भरलेलं सभागृह, बाकीच्या बँडांची माणसं, त्यांचे जुने दोस्त, सगळ्यांसमोर. बाबांना कसं वाटलं ते त्यांना कळेल."

"आणि बँड? आम्ही बाकीचे कुठे जायचं?"

"बाबांना काढलं तेव्हा बँड कुठे गेला होता, काका?"

मग ती म्हणाली, "माझा सूर चुकला तर शेजारच्याने उचलायचा असतो. तुमचा हात सवयीने वर जाईल. तो जाऊ देऊ नका. एवढंच मागते."

"पॅरीसाहेब क्षमा करायला सांगतात गं."

"करीन की. आधी घाम फुटू दे त्यांना."

मी शब्द दिला. एम्लिनच्या शेजारी मी जन्म काढला होता, प्रॉसरच्या नव्हे. आणि त्याला तसं उभं राहिलेलं बघायला मिळेल या विचाराने त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं, तेही सांगून टाकतो.

स्पर्धा शहरातल्या मोठ्या सभागृहात होती. परीक्षक नेहमीप्रमाणे मधोमध उभारलेल्या कापडी खोपटात, चारी बाजूंनी पडदे लावून बसलेले. कुठला बँड वाजवतोय ते त्यांना दिसता कामा नये. आतून शिट्टी वाजली की सुरू करायचं. आमची चिठ्ठी मधल्या क्रमांकाची निघाली. शिट्टी वाजली.

बँड छान वाजला, हे नाकारता येणार नाही. माणूस म्हणून प्रॉसर कसाही असला तरी त्याच्या काठीला धार होती. ती जागा आली. कॉर्नेट, हॉर्न, ढोल, सगळं एका फटक्यात थांबलं. प्रॉसरने डावा हात हाइल्वेनकडे उचलला.

तिने ट्रॉम्बोन मांडीवरून हलवला नाही.

प्रॉसरचा हात हवेतच. त्याने भुवया वर केल्या. मग ओठांनी न बोलता सांगितलं, 'वाजव.' ती त्याच्याकडे बघत होती, दफनाच्या दिवशी बघितलं होतं तसंच. माझी बोटं दांडीवर आवळली गेली. मी ती गुडघ्यांमध्ये दाबून धरली. प्रॉसरच्या कानशिलावरून एक थेंब निघाला आणि कॉलरमध्ये गेला. मग त्याच्या डोळ्यांतला भाव बदलला. तो विनवत होता. इडवल प्रॉसर, ज्याने कुणाला कधी 'कृपया' म्हटलं नाही, तो हात वर धरून एका नर्सकडे भीक मागत होता, आणि हात खाली घ्यायची त्याची छाती होत नव्हती. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. ती चॅपेलातली होती.

आणि हाइल्वेनने ट्रॉम्बोन उचलला.

का, ते मला तेव्हा कळलं नाही. तिने इतक्या हळू सुरुवात केली की सूर कधी लागला ते समजलंच नाही, आणि मग तो चढत गेला, चढत गेला. माझ्यापुढच्या कागदावर मला अक्षर दिसेनासं झालं.

मंचामागे प्रॉसरने तिचा दंड धरला. चेहरा पांढरा. "काय केलंस तू? काय केलंस?" ती तोंड उघडणार तोच निकालासाठी सगळ्यांना पुढे बोलावलं.

परीक्षक खोपटातून बाहेर आले. आमच्याकडचाच पिकलेला माणूस, दरीतल्याच कुठल्याशा गावचा. म्हणाले, "लहानपणी मी अशा प्रवचनांखाली वाढलो, जिथे पाळक गाण्यात शिरण्याआधी थांबायचे. तशी शांतता मी आज कितीतरी वर्षांनी ऐकली. ज्या बँडमास्तरांना ती धरून ठेवायचं धाडस झालं, त्यांना मी नमस्कार करतो." आणि पहिला क्रमांक आमचा.

प्रॉसरकडे मी बघत होतो. चेहऱ्यावर रंग परत येताना दिसला. आधी गोंधळ, मग आश्चर्य, मग हळूच, अगदी हळूच, खात्री. चषक घेऊन परतला तोवर ती शांतता त्याची स्वतःची झाली होती. "माझ्या हाताचा अर्थ तुला बरोबर कळला, हाइल्वेन," तो म्हणाला. "काहींना सांगावं लागत नाही."

हाइल्वेनचा चेहरा पडला. तिने सूड घेतला होता आणि त्याला चषक मिळाला होता.

पण पुढच्या तालमीपासून तिच्यात फरक पडला. जिंकणाऱ्यांसाठी लंडनला अंतिम फेरी होती आणि तिला नवी रचना. त्यात असली जागाच नव्हती. प्रॉसरने ती केली. ट्रॉम्बोनच्या आधी सगळ्यांना थांबवलं, हात उंच धरला, डोळे मिटले. वर्तमानपत्राच्या माणसाला त्याने सांगितलं होतं, 'शांतता हेच माझं खरं वाद्य.'

"मास्तर," हाइल्वेन गोड आवाजात म्हणाली, "अजून थोडं ताणलं तर? लोकांना तहान लागू द्या की."

"बघा, हिला कळतं!" प्रॉसर आम्हाला म्हणाला.

बास ट्रॉम्बोनवाला ग्लॅनविल माझ्या कानाशी लागला, "एवढा वेळ थांबायचं तर मी मधे चहा करून येतो."

"गप बस," मी म्हटलं. मला दिसत होतं ती काय करतेय. दर तालमीला ती एक शब्द टाकायची, आणि दर तालमीला ते थांबणं लांबायचं. त्यात आता कुणी श्वास धरत नव्हतं. ते नुसतं थांबणं होतं, गाडी बंद पडल्यासारखं. पॅरीसाहेब थांबतात तेव्हा त्यांना स्वतःचं भान नसतं. प्रॉसर थांबायचा तेव्हा त्याला फक्त तेवढंच भान असायचं. मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

लंडनमध्ये प्रॉसरने हात वर केला आणि डोळे मिटले. हाइल्वेन ट्रॉम्बोन ओठांशी धरून, पाठ ताठ करून, त्याच्या खुणेची वाट बघत बसली. या खेपेला तिच्याकडे बोट दाखवायला काडीचीही जागा नव्हती. शांतता लांबली. पुढच्या रांगेत कुणीतरी कार्यक्रमाचं पान उलटलं. वर गॅलरीत एकाला वाटलं संपलं, त्याने टाळ्या सुरू केल्या, आणखी चौघांनी धरल्या. त्या आवाजाने एका कॉर्नेटवाल्याला वाटलं आपलीच वेळ चुकली, आणि तो घुसला. त्याच्यामागे हॉर्न. प्रॉसरने डोळे उघडले तेव्हा अर्धा बँड पुढे निघून गेला होता आणि अर्धा बसून होता. शेवटापर्यंत तो काही एकत्र आला नाही.

तिथले परीक्षक उंच, कोरडे गृहस्थ होते. म्हणाले, "एका बँडने मधे इतका विसावा घेतला की मी पडद्याआड सँडविच काढलं."

अख्खं सभागृह हसलं. हजारो माणसं. प्रॉसर मंचाच्या कडेला उभा होता, आणि हसणाऱ्यांत त्याचे जुने दोस्त होते. आम्ही सगळ्यांत खाली आलो.

बसमध्ये तो पुढच्या बाकावर एकटा बसला. त्याच्या मागचा बाक माझा होता. शहर मागे पडलं, ऊन तिरपं झालं. मग हाइल्वेन उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मागच्यांना वाटलं, नर्स आहे, धीर द्यायला गेली.

"विभागीय तरी आपण जिंकलो," प्रॉसर पुटपुटला. "ते कुणी काढून घेऊ शकत नाही. ती शांतता खरी होती."

"खरी होती, मास्तर. पण तुमची नव्हती. त्या दिवशी मी वाजवणारच नव्हते."

तो वळला. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला तसंच उभं ठेवणार होते. सगळ्यांच्या देखत. एम्लिन प्यूसाठी."

मग प्रॉसरने विचारलं, आणि त्याचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता, "मग वाजवलंस का?"

"तुमचा चेहरा पाहिला. पोट भरलं. पुढचं वाजवलं ते बाबांसाठी, तुमच्यासाठी नव्हे."

"आणि आज?"

"आज तुम्ही म्हणालात तसंच केलं."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा, आणि उठली. माझ्याजवळून जाताना थांबली. "काका, पॅरीसाहेबांना सांगा, माझी आता क्षमा करायला हरकत नाही."

मी मान हलवली. देवाला ही असली क्षमा चालते की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्या वेळी मला ती पुरली. पुढच्या बाकावर प्रॉसरने खिडकीचा पडदा ओढून घेतला. बाहेर शेतं होती, मेंढ्या होत्या आणि उतरतं ऊन होतं.