यल्लव्वाचं बटण

आमच्या वीज सोसायटीत वायरमन म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी मला निपाणीपासून लांब, एका माळाच्या पायथ्याला क्वार्टर दिली. क्वार्टर म्हणजे एक खोली आणि दारासमोर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. बायको त्याच्या आदल्या वर्षीच गेलेली, मुलगी लोंढ्याला सासरी. बोलायला डीपीच होती, आणि ती दिवसभर एकाच सुरात गुणगुणायची. मी तापट आहे हे सगळ्या सेक्शनला ठाऊक होतं, त्यामुळं उगाच गप्पा मारायलाही कुणी थांबायचं नाही.

डीपीवरून एक लाइन सात डांब, म्हणजे विजेचे खांब, चढून माळावर जायची. वर पूर्वी पाच घरं होती. चार घरं तंबाखूच्या वखारीत काम मिळालं म्हणून निपाणीला गेली आणि यल्लव्वा एकटी राहिली. तिचं घर निवडुंगाच्या कुंपणाआड होतं, खालून काही दिसायचं नाही. दिसायचा तो फक्त अंगणातल्या बांबूला टांगलेला चाळीसचा बल्ब.

तो बल्ब माझ्या कामाचा होता. वारं सुटलं की लाइन कुठंतरी तुटायची. ती जोडायची, डीपीला फ्यूज घालायचा आणि माळाकडं बघायचं. बल्ब पेटला म्हणजे करंट शेवटापर्यंत पोचला. मग मी हात धुऊन जेवायला बसायचो. पहिल्याच वर्षी मी यल्लव्वाला सांगून ठेवलं होतं, "आक्का, संध्याकाळी बटण खालीच ठेवत जा. लाईट असू दे न्हाय तर नसू दे." ती म्हणाली होती, "व्हय बाबा, तेवढंच तुझं काम हलकं." आठ वर्षं तिनं ते पाळलं. रीडिंग घ्यायला वर गेलो की ताक द्यायची आणि माझ्या मिशीची थट्टा करायची. तेवढी एकच बाई मला भीत नव्हती.

एकोणऐंशी साली उसाचे पंप वाढले. संध्याकाळी सगळे एकदम मोटारी सुरू करायचे आणि बल्ब नुसते लाल व्हायचे. येणारा जाणारा मलाच शिव्या द्यायचा. असाच एक दिवस डोकं फिरवून मी रीडिंगला वर गेलो आणि तिनं ताक पुढं केल्यावर तिच्यावरच खेकसलो, "हितं लाईट पुरंना झालीया, समद्यांस्नी! परत्येकानं एक बल्ब कमी लावला तर माझं ह्यो शिव्या खाणं तरी थांबंल." ताक न पिताच उतरलो.

त्या संध्याकाळपासून बल्ब लागला नाही.

पहिले काही दिवस मला वाटलं, रुसली असेल. रुसू दे म्हटलं. मग वाटलं, निपाणीला लेकीकडं गेली असणार, कधीची जाते जाते म्हणत होती. तरी लाइन जोडली की मान आपोआप माळाकडं वळायची आणि तिथं काही नसायचं. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण आपण होऊन वर जायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि ते माझ्या अंगात नव्हतं. रीडिंगची तारीख आली तेव्हा खाटेवर बसूनच वहीत मागचा आकडा पुन्हा लिहिला आणि पुढं दोन शब्द टाकले, घर बंद. असं तीन महिने केलं.

चौथ्या महिन्यात साहेबांनी नकाशा पसरला. बोरगावच्या वाटेला पंपांसाठी नवी डीपी बसवायची होती आणि डांब मिळत नव्हते. तीन महिने ज्या लाइनीवर वापर नाही आणि घर बंद, ती उतरवून सामान तिकडं न्यायचं, असं ठरलं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं माझ्या माळावरची लाइन खोडली. मी समोरच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताखालचा नागोजी आणि दोन गडी घेऊन निघालो. फ्यूज काढून खिशात घातले, कारण लाइनीवर चढणाऱ्यानं फ्यूज आपल्याच खिशात ठेवायचे, म्हणजे मागं कुणी घालत नाही. सातव्या डांबापासून सुरुवात करायची होती. मी वर चढलो, पक्कड काढली आणि कुंपणापलीकडं नजर गेली. यल्लव्वा अंगणात सुपात जोंधळे पाखडत बसली होती. अंगावरचं मांस उतरलं होतं.

तिनं वर बघितलं. "मायाप्पा? आलास व्हय. आता लाईट पुरतीया न्हवं समद्यांस्नी?"

मी पक्कड तारेवरून मागं घेतली.

"तू म्हणालतास न्हवं, एक बल्ब कमी लावा म्हणून. चार म्हैनं बटण वर करून ठिवलंय. दिस बुडायच्या आत जेवती नि पडती. मला काय वाचायचं हाय? तुला शिव्या बसू नेत, बास."

पट्टा आवळून मी तसाच डांबाला लटकून राहिलो. इतक्या वर्षांत बायकोसाठी रडलो नव्हतो तो तिथं, हातात पक्कड घेऊन रडलो. खालून नागोजी ओरडला, "आण्णा, तोडताय न्हवं?"

"दोर गुंडाळ," मी म्हणालो.

"साहेबांस्नी काय सांगायचं?"

"खरं काय ते."

खाली उतरून फ्यूज घातले आणि सायकल मारत ऑफिसात गेलो. वर न जाता घर बंद लिहिलं, हे कागदावर लिहून दिलं. साहेब आवाज चढवणारे नव्हते. "तुझ्या दोन शब्दांवर मी अख्खा प्लॅन काढला मायाप्पा," एवढंच म्हणाले. सभासद राहत असताना लाइन उतरवता येत नव्हती, ती राहिली. माझी मात्र लाइनीवरून बदली झाली. ऑफिसात बसून रीडिंगच्या वह्या तपासायच्या.

जायच्या दिवशी माळावर गेलो. ताक दोन वाट्या प्यायलो. "आक्का, बटण खाली कर," म्हटलं. "आता लाईट भरपूर हाय."

"तुला दिसंल न्हवं खालनं?"

बदलीचं सांगायलाच गेलो होतो. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "दिसंल की."

याला आता दोन वर्षं झाली. नवा वायरमन शिकलेला आहे, त्याच्याकडं टेस्टर आहे. तो माळाकडं बघत नाही. दर महिन्याला त्याची वही माझ्या टेबलावर येते. यल्लव्वाच्या नावापुढं पूर्वी सहा-सात युनिट असायचे. आता एकोणतीस असतात. चाळीसचा बल्ब रात्रंदिवस, एक घटकाही बंद न करता जाळला तर महिन्याला एकोणतीस होतात. मी दिवसाही लाइनीवर असेन, असं तिला वाटत असणार.

दिवसा बंद कर, मायाप्पा आता तिथं नाही, असा निरोप पाठवायला हवा. तिकडं जाणारे गडी रोज माझ्या समोरून जातात. मी पाठवत नाही. तिचं बिल गुपचूप भरतो. वही आली की आधी तिचं पान काढतो. एकोणतीस दिसले की हात धुऊन डबा उघडतो.