बेताल पायाची दाद

सालूद अकरा वर्षं अंगुस्तिआसकडे फ्लामेंको नाच शिकली आणि अकरा वर्षं तिची बोलणी खात राहिली. "पाय आहेत की गाढवाचे खूर? जा, अंगण झाड, तेवढंच जमेल तुला." पोरगी रडायची, झाडायची आणि पुन्हा उभी राहायची. स्पेनमधल्या या हेरेस गावात विद्या अशीच मिळते, असं अंगुस्तिआस छातीठोक सांगे.

आज सालूदचा कार्यक्रम होता. म्हातारी नटूनथटून, पायात टाचेला खिळे ठोकलेले नाचाचे बूट घालून पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी बुलेरियाचा जलद नाच रंगला की नर्तकीने गावातल्या जुन्या माणसांना हात धरून वर न्यायचं, हा इथला रिवाज. गुडघ्यापायी अंगुस्तिआस आठ वर्षं कार्यक्रम सोडून घरीच शिकवत होती. ही अजून नाचणारीण आहे, हे गावाने एकदा, फक्त एकदा पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

सालूदने खुर्ची पुढे ओढली आणि गोष्ट सांगायला घेतली. द्राक्षमळेवाल्याच्या लग्नात नऊ महिन्यांचं पोट घेऊन नाचलेली बाई, आणि नाचता नाचता सुरू झालेल्या कळा. "ती माझी आजी," सालूद म्हणाली. खरं तर ती अंगुस्तिआसची आई होती, सालूदचं तिच्याशी काही नातं नव्हतं. घरी बसेपर्यंत चाळीस वर्षं ही गोष्ट सांगून मगच अंगुस्तिआस नाचायला उभी राहायची.

"मावशे, ही तर तुझी गोष्ट!" शेजारी बसलेला मासेवाला फ्रास्को कुजबुजला.

"गप रे. पोरगी रुसली आणि मला वर बोलावलंच नाही म्हणजे?"

बोलावलं. हात धरून नेताना सालूद तिच्या कानाशी लागली. "बाई, आज माझ्या तालात हं."

म्हातारं माणूस नाचायला आलं की टाळ्यांचा ताल धरणारे त्याच्या पायांकडे बघून वाजवतात. सालूदने त्यांना डोळ्याने खुणावलं आणि लय चढली. दुसऱ्याच फेरीत गुडघ्याने दगा दिला, समेचा पाय मागे पडला. अंगुस्तिआसला ते कळलं आणि गावालाही कळलं. बेताल पायाला हेरेसमध्ये कुणी दाद देत नाही, भल्याभल्यांना इथे लोकांनी नुसतं गप्प बसून गारद केलंय. आताही लोक गप्प बसले असते तर तिने दात खाऊन पुन्हा पाय उचलला असता.

"ओले, मावशे! ओले!" फ्रास्को शाबासकी देत ओरडला. मग सगळेच ओरडू लागले, पहिलं पाऊल टाकणाऱ्या तान्ह्याचं करावं तसं कौतुक करत. सालूदचं 'ओले' सगळ्यांत मोठं होतं.