चेअरमन, गूळ आणि न उघडणारा हूक

आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताला तीन बोटं आहेत. बाकीची दोन सहा वर्षांपूर्वी बाळासो मालकांच्या यार्डात गेली, एक जुनं लेथ मशीन ट्रकवर चढवताना. क्रेनच्या हुकातून बेल्ट निसटला आणि मशीन खाली आलं. हुकाच्या तोंडाशी स्प्रिंगची एक छोटी पट्टी असते, तिला लॅच म्हणतात. अडकवलेला बेल्ट बाहेर पडू नये, एवढंच तिचं काम. त्या दिवशी ती तारेनं मागं बांधून ठेवलेली होती, आणि तार बांधली होती आमच्या आबांनीच.

आता यात रागवायचं कुणावर? मी सगळ्यांवर रागावले. लॅच बांधून ठेवायची ही आमच्याकडची रीतच आहे. दरवेळी ती बोटानं दाबायची, मग बेल्ट आत सरकवायचा, यात दोन सेकंद जातात म्हणे. ते दोन सेकंद वाचवून ही माणसं चहाच्या गाड्यावर अर्धा तास उभी राहतात, ते चालतं. आबा अजून त्याच यार्डात आहेत, त्याच क्रेनखाली बेल्ट अडकवतात. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. मी अक्षता, मेकॅनिकलची इंजिनिअर, उद्यमनगरात माझं दोन मशीनचं वर्कशॉप आहे, आणि मला घोर एकच, या माणसाचं उरलेलं अंग शाबूत राहायला पाहिजे.

म्हणून मी हूक करायला घेतला. तसे हे हूक जगात नवीन नाहीत. भार आला की जबडा आपोआप मिटतो, आणि भार आहे तोवर कुणाच्या बापाला उघडत नाही. भार उतरला, बेल्ट सैल पडला, की मागचं बटण अंगठ्यानं दाबायचं, मग उघडतो. मला त्यात फक्त एक गोष्ट वेगळी करायची होती. माझ्या हुकाला तार बांधायला जागाच ठेवायची नव्हती.

तपासनीस घरातच होते. पहिला नमुना मी स्वयंपाकघरात कट्ट्यावर ठेवला. आबांनी पकड मागितली आणि पाच मिनिटांत बटण तारेनं आवळून टाकलं. "घे, झाला तुझा हूक," म्हणाले. दुसऱ्याला मी तारेची खाच बुजवली, तर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. तिसऱ्याच्या जबड्यात चपलेचा तुकडा कोंबला, आणि चप्पल माझी होती. चौथ्याला बाभळीची पाचर. पाचव्याच्या वेळी यार्डातले आणखी दोघं मदतीला आले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात लाटणं अर्धंच आहे. सहावा आठवडाभर टिकला, मग खंडेनवमीला कुणीतरी त्याच्या तोंडात पूजेचं लिंबू बसवलं. ते इतकं फिट्ट बसलं की मलाच हातोडी घ्यावी लागली.

मी वैतागून म्हणाले, "आबा, दोन बोटं गेली तरी अक्कल आली न्हाय काय?"

"बोटं गेली म्हणूनच बसलोय न्हवं हितं," आबा म्हणाले. "आमी काय काय करतो ते तुला ठावं पायजे."

मी सातवा करायला घेतला.

सातव्यापुढं आबा अख्खा रविवार बसले. तार झाली, ट्यूब झाली, खिळा झाला, आईचा चमचा वाकडा झाला. शेवटी त्यांनी पकड खाली ठेवली. "न्हाय जमत," म्हणाले, आणि हरल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की तसेच उठून मटण आणायला गेले.

आता अडचण मालकांची. बाळासो मालक गडमुडशिंगीचे, पंधरा क्रेनचे धनी. माणूस वाईट नाही. आबा दवाखान्यात होते तेव्हा रोजचा डबा त्यांच्याच घरून यायचा. पण डोक्यात एक गोष्ट शिरली की ती काढायलाही क्रेन लागते. मी हूक टेबलावर ठेवला, तर त्यांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि विचारलं, "जुन्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "आबांचा हात बघा, मग सांगते."

त्यांनी हात काही बघितला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे बघ पोरी, एका क्रेनला लाव. आठ दिवस. एक जरी तक्रार आली तर हूक भंगारात, आणि परत माझ्यापुढं हा विषय काढायचा न्हाय. न्हाय आली, तर पंधराबी क्रेनला लावतो."

हूक लागला राजवीरच्या क्रेनला. राजवीर म्हणजे यार्डातला सगळ्यात शिस्तीचा ड्रायव्हर. क्रेनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खालच्या माणसानं हातानं खुणा करायच्या आणि ड्रायव्हरनं त्या खुणेप्रमाणंच चालायचं, हा नियम तो झोपेतही पाळत असेल. एक बोट वर करून गोल फिरवलं की वर उचल. दोन्ही हात आडवे हलवले की थांब. सात दिवस त्यानं माझ्या हुकानं मशिनं उचलली, गर्डर उचलले, एक बंद पडलेली जीप उचलली. तक्रार एकही नाही. "तार बांधायला काय न्हाय, तर हात रिकामं रिकामं वाटत्यात," एवढंच म्हणाला. ते मी तक्रारीत धरलं नाही.

आठव्या दिवशी मालक गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले.

आमच्याकडं माणूस निवडून आला की त्याला हार हातानं घालत नाहीत, क्रेननं घालतात. हार मोठा असतो म्हणून क्रेन लागते, आणि क्रेन आणायची म्हणून हार मोठा करतात. मालकांचा पुतण्या आदर्श याला झेंडूचा हार किरकोळ वाटला. त्यानं गुळाचा केला. किलोकिलोचे एकशे एक रवे, म्हणजे छोट्या ढेपा, फडक्यात बांधून क्रेनच्या जाड बेल्टला शिवले, आणि तो बेल्ट अडकवला राजवीरच्या क्रेनला, म्हणजे माझ्या हुकात. हे कळल्यावर मी आणि आबा वर्कशॉपला कुलूप लावून गडमुडशिंगीला पळालो. आठवा दिवस होता, संध्याकाळपर्यंत तक्रार यायला नको होती.

संस्थेच्या पटांगणात सगळा गाव. हलगी कडाडत होती. मालक फेटा बांधून मधोमध उभे, समोर त्यांच्या मिसेस संयोगिता काकी आरतीचं ताट घेऊन, आणि मागं सभासद बायकांची रांग. हार हळूहळू खाली आला. मालकांनी गावाला नमस्कार करायला दोन्ही हात वर केले, तसा हार डोक्यावरून उतरून बरोबर काखेत बसला. मालक भरून पावले. आदर्शला तर काय करू न् काय नको झालं. हलगीच्या ठेक्यावर तो नाचायला लागला, आणि आपल्याकडं माणूस रंगात आला की काय करतो? एक बोट वर करतो आणि गोल फिरवतो.

राजवीरनं खूण बघितली आणि उचललं.

मालक हारासकट वर निघाले. पहिले दोन फूट लोकांना वाटलं, सत्कारातच असं आहे. टाळ्या पडल्या. बारा फुटांवर मालक "आरं आरं आरं" म्हणाले, तेव्हा आदर्शचं लक्ष गेलं आणि त्यानं दोन्ही हात आडवे हलवले. राजवीर थांबला. नुसता थांबला नाही, त्यानं इंजिनही बंद केलं. आणि त्या क्रेनची बॅटरी अशी की एकदा बंद केली की ट्रॅक्टरनं ओढल्याशिवाय ती चालू होत नाही.

चेअरमन लटकले.

आदर्शनं ट्रॅक्टर आणला, क्रेनला साखळी लावली आणि दिला हिसका. क्रेन हातभर हलली, चालू काही झाली नाही, मालक मात्र चांगले चार हात झुलले. इकडून तिकडं जाताना त्यांचा फेटा पडला आणि गुळाचे दोन रवे सुटून काकींच्या पायाशी फुटले. काकी जागच्या हलल्या नाहीत, ताट घेऊन वर बघत राहिल्या. बायकाही वर बघत राहिल्या. सगळा गाव तोंड वर करून बरोबर त्यांच्या खालीच उभा.

आबांनी माझा दंड घट्ट धरला होता. "जुना हूक असता तर पैल्या झोक्यालाच बेल्ट निसटला असता," ते हळूच म्हणाले.

"उघडा!" मालक वरून ओरडले. "हूक उघडा आन् मला काढा!"

आदर्श तेवढाच शहाणा. शिडी लावली, वर चढला आणि बटण दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं. मग पान्यानं ठोकायला लागला.

"आदर्श!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "आरं उघडला तर काय हुईल? तुझा काका खाली ईल, वर क्विंटलभर गूळ, आन् खाली काकी हाय!"

आदर्शनं खाली बघितलं. मग पान्याकडं बघितलं. मग गुपचूप खाली आला.

"पोरीऽऽ," वरून मालक म्हणाले, "कसला हूक केलायस गं? उघडत न्हाय!"

"भार हाय तोवर न्हाय उघडायचा!"

"मग भार काढा की!"

"भार तुमीच हाय, मालक!"

हलगीवाला हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी म्हटलं, आधी सगळ्यांनी खालून बाजूला व्हा. मग ट्रॅक्टरची साखळी सोडवून त्याला ट्रॉली जोडायला लावली आणि ट्रॉली मालकांच्या बरोबर खाली घेतली. संस्थेच्या गोदामात सरकी पेंडीची पोती होतीच. पोत्यावर पोतं चढत गेलं आणि मालक वरून सूचना देत राहिले. अखेर त्यांचे पाय पोत्यांना टेकले, बेल्ट सैल पडला. आबा ट्रॉलीवर चढले, पोत्यांवर उभे राहिले आणि तीन बोटांच्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. हूक उघडला. एवढ्याशा आवाजात, टक.

टाळ्या पडल्या, हलगी सुरू झाली. आदर्शचं बोट पुन्हा वर गेलं, ते मी धरून खाली केलं.

मालक पोत्यांवरून उतरले. गळ्यापर्यंत गूळ, अंगावर पेंडीचा भुसा. पाठीमागून मुंग्यांनी हजेरी लावलेली. सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"तक्रार हाय," म्हणाले. "माझी. आजच्या आज काढायचा हा हूक. गावापुढं माझी शोभा केलीस. दहा येळा बटण दाबलं आदर्शनं, उघडला न्हाय. असला हूक काय कामाचा?"

सात हूक, अर्धं लाटणं, सगळं गेलं. तोंडाला येईल ते बोलणार होते, तेवढ्यात संयोगिता काकींनी आरतीचं ताट एका बाईच्या हातात दिलं.

"तुमी वर हुता," त्या मालकांना म्हणाल्या. "खाली कोण हुतं, बघितलं काय?"

मालक अंगावरचा भुसा झटकायला लागले.

"मी हुते. ह्या सगळ्या हुत्या. आन् तुमी काय वरडत हुता? उघडा, उघडा. त्यो उघडला असता तर?" मग त्या आबांकडं वळल्या. "यल्लाप्पा, ते मशीन पडलं तवा तुमी कुठं हुता?"

आबा ट्रॉलीवर पोती नीट लावत होते. "खालीच हुतो की, वैनी," म्हणाले. "आमी खालीच असतोय."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. मालकांनी आबांच्या हाताकडं बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं असावं, कारण त्यांना नजर पटकन काढता येईना.

मग ते माझ्याकडं वळले. आवाज उतरला होता, पण हट्ट सगळा कुठं जातो?

"एवढं तरी कर की. चेअरमन लटकला असला तर उघडंल, असं कायतरी."

"न्हाय जमायचं."

"चेअरमन असला तरी न्हाय?"

"चेअरमन असला तर तर न्हायच."

मालकांनी कॉलरला चिकटलेला गुळाचा खडा काढला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"बरं," म्हणाले. "उरल्याल्या चौदा क्रेनबी उद्यापास्नं घे."