धुलाईघरातल्या फळ्यावरचा चेहरा

मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही पाढे आठवून लगेच तोंड वाकडं कराल. मित्रांनो, मी एका धुलाईघरात असतो. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, लोकांचे कोट आणि शाली इथे मळक्या येतात आणि कडक इस्त्री होऊन परत जातात. मी जेवणाच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या गोष्टीचा शेवट चांगला आहे, तेव्हा घाबरू नका. पण मधले पाच दिवस माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि ते आठवलं की आजही मी मनातल्या मनात हुश्श म्हणतो.

खरं सांगायचं तर मला शाळेसाठीच बनवलं होतं. सुतारानं चार फळ्या जोडल्या, घासून घासून गुळगुळीत केल्या आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. पण नेताना हातगाडीवरून मी पडलो आणि माझा एक कोपरा चिरला. शाळेनं मला दारातूनच परत पाठवलं. मला फार वाईट वाटलं. महिनाभर मी सुताराच्या अंगणात तोंड भिंतीकडे करून उभा होतो. मग एक दिवस धुलाईघराच्या मालकीणबाई आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांना भिंतीवरची ओल झाकायला काहीतरी हवं होतं. अशी माझी नोकरी लागली. यात मिरवण्यासारखं काही नाही, हे मला कळतं.

सुरुवातीला माझ्यावर नुसत्या याद्या लिहीत. कोण कोणत्या मशीनवर, कोणाची सुट्टी, कोणत्या हॉटेलचे टॉवेल कधी द्यायचे. वाफेनं खडू ओघळायचा आणि सुट्टीवाल्याचं नाव कामवाल्यांत जाऊन पडायचं. त्यावरून भांडणं व्हायची आणि शिव्या मात्र मला पडायच्या.

माझे दिवस पालटले ते इस्त्रीवाल्या मामांमुळे. मामा मोठ्या इस्त्रीवर काम करतात. डोक्याला टक्कल, ओठांवर भरघोस मिशी आणि जिभेला हाड नाही. कोणाची थट्टा केल्याशिवाय त्यांना घोटभर पाणी जात नाही. त्यांनीच इथे एक रीत पाडली. नवीन माणसानं पहिला महिना पुरा केला की त्या शनिवारी मामा माझ्यावर त्याचं गमतीचं चित्र काढतात. मशीनवाला सारखा पेंगतो, म्हणून त्याला त्यांनी मशीनच्या आतच घोरत गरगर फिरताना दाखवला. मालकीण असूनही मोठ्या बाईंना ताटाएवढा चष्मा घालून चष्माच शोधायला लावलं. चित्र निघालं म्हणजे माणूस आपला झाला. ते चित्र इतर कोणी पुसायचं नाही, ज्याचं त्यानंच पुसायचं, तेही मामांना चार शब्द सुनावून. रस्त्यानं जाणारे लोकसुद्धा खिडकीतून डोकावायचे. माझी छाती फुगायची. जणू चित्रं मीच काढत होतो.

मग एके दिवशी घडीवाली आली. ती आणि तिचे म्हातारे सासरे फार लांबच्या मुलखातून आले होते. नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारा. दोन गल्ल्या सोडून त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. तिला इथली भाषा जेमतेम यायची, पण हात काय चालायचे! मोठ्या चादरीची घडी घालायला आमच्याकडे दोघं लागतात. ही एक टोक हनुवटीखाली दाबायची, दोन्ही हात फाकवायची, आणि बघता बघता चादर पुस्तकासारखी चौकोनी व्हायची. सगळे तोंडात बोटं घालून बघत राहायचे.

तिचं एकच कोडं होतं. आमच्या थट्टेला ती हसायचीच नाही. उशिरा आलेल्याला आमच्याकडे म्हणतात, "आज फार लवकर आलात, झोप नाही झाली का?" मग तो हसतो आणि कामाला लागतो. तिला एकदा कोणी तसं म्हटलं, तर ती बिचारी पांढरी पडली आणि दुपारी जेवलीच नाही. उलट एकदा ती आपणहून म्हणाली, "आज मी चादरीत माझी बाहीच घडी केली. किती वेळ मी चादरीबरोबर बांधलेली." आणि एकटीच हसली. आमच्या लोकांना वाटलं, गरीब गाय दमलीय. सगळ्यांनी तिची समजूत काढली, मशीनवाल्यानं तिला पाणी आणून दिलं. ते तिनं पिऊन टाकलं आणि पुन्हा काही ती असं बोलली नाही.

तिचा महिना भरला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची हिरवी रेशमी शाल हरवली. मोठ्या बाईंनी धुलाईघर पालथं घातलं. "शाल पाहिली का?" असं त्यांनी एकेकाला विचारलं. तिलाही विचारलं. संशय म्हणून नव्हे, सगळ्यांना विचारलं तसंच.

शनिवारी मामांनी चित्र काढलं. घडीवाली वाऱ्यासारखी धावतेय, कान सुपाएवढे, आणि खांद्यावर तिच्या दुप्पट मोठं गाठोडं. ही बाई एकटी चौघांचं काम करते, हे मामांना दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्यावर तसं सुरेख चित्र आजवर निघालं नव्हतं. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. तेवढ्यात ती डबा घेऊन आत आली. सगळे तिच्याकडे वळून आणखीनच हसले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी चेहरा पाहिला, मग गाठोडं. तिच्या हातातला डबा कलला. ती तशीच मागे फिरली. उरलेल्या एकूण एक चादरींच्या तिनं घड्या घातल्या, शेवटी स्वतःचा एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. लाजली, असं सगळे म्हणाले.

सोमवारी ती आली नाही. त्याच सकाळी शाल सापडली. एका रजईच्या खोळीत शिरून ती तीनदा धुतली गेली होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, चहा झाला, आणि शालीचा विषय संपला. मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. कोणी म्हणालं आजारी असेल, कोणी म्हणालं जास्त पगाराचं काम मिळालं असेल. उद्या जाऊन बघू, असं रोज ठरायचं. दोन गल्ल्यांवर तर राहत होती! पण उद्या काही उजाडला नाही. चादरींचा ढीग वाढत चालला आणि मामांची जीभ थंड पडली. तिचा चेहरा माझ्यावर तसाच होता. माझ्याच अंगावरच्या कशानं तरी ती दुखावली, एवढं मला कळत होतं. मला ना हात, ना तोंड. मी नुसता लटकत होतो.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिचे सासरे आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वच्छ कोट, काखेत कापडात बांधलेलं एक बासन. बसा म्हटलं तर बसले नाहीत. माझ्याकडे एकदा नजर गेली आणि त्यांनी मान खाली घातली. मग बासन सोडून एक पांढरी चादर टेबलावर उलगडून ठेवली. तिच्या चारी कडांना बारीक भरतकाम होतं. ते एकेक शब्द जुळवत बोलले.

"ही आमच्या घरची. माझ्या बायकोनं भरलेली. शालीच्या बदल्यात ठेवून घ्या. सुनेनं शाल नेलेली नाही. तरी ठेवा. तिला काम नको, पगार नको. फक्त तिचं तोंड पुसा."

 मोठ्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, "अहो बाबा, शाल तर सोमवारीच मिळाली. तिला चोर म्हटलं कोणी?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या मुलखात भिंतीवर तोंड काढतात ते फक्त चोराचं. बाजाराच्या तोंडाशी, खांद्यावर चोरलेला माल दाखवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हसावं म्हणून. ज्याचं तोंड तिथे निघालं, त्याला गाव सोडावं लागतं. तिनंही सामान बांधलं होतं. शुक्रवारच्या दुपारच्या गाडीची तिकिटं काढली होती. आणि ज्याला मान द्यायचा, त्याचं काय काढता, असं मोठ्या बाईंनी विचारलं. म्हातारे म्हणाले, त्याचे हात काढतो. कुंभाराचे, सुईणीचे, शिक्षकाचे. आणि थट्टा? थट्टा त्यांच्याकडेही असते, ते म्हणाले, पण माणूस आधी स्वतःला हसतो. त्यानं स्वतःला हसून दाखवलं, म्हणजे दुसऱ्याला हसायची परवानगी मिळते.

मशीनवाल्यानं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे ती बाहीची गोष्ट... ती आपल्याला हसायला सांगत होती?"

म्हाताऱ्यांनी होकारार्थी मान हलवली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तिनं दार उघडून दिलं होतं, आणि आम्ही तिला पाणी पाजून परत पाठवलं होतं.

मामा उठले. ज्यानं त्यानं पुसायची रीत त्यांनीच पाडलेली, पण त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या हातानं ते चित्र पुसलं.  मोठ्या बाईंनी ती भरलेली चादर परत दिली, पण घडी काही पहिल्यासारखी जमेना. मामा म्हाताऱ्यांबरोबरच तिच्या घरी गेले, आणि तिथे काय झालं ते परतल्यावर सगळ्यांना सांगितलं. दारात उभं राहून माफी मागितली, शाल कुठे मिळाली ते सांगितलं. ती ऐकत राहिली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

शुक्रवारी मामा सगळ्यांच्या आधी आले. खडू घेतला आणि माझ्यावर स्वतःलाच काढलं. टक्कल इस्त्रीच्या पाटावर टेकलेलं, तोंड कळवळलेलं, आणि स्वतःच्याच हातानं स्वतःच्याच मिशीला कडक इस्त्री चाललेली. एकोणीस वर्षांत मामांनी मामांचं चित्र कधी काढलं नव्हतं. कोणी हसलं नाही. हसायचं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. दुपारची सुट्टी झाली, डबे बंदच राहिले. गाडीची वेळ जवळ येत होती. सगळ्यांचे डोळे दाराकडे.

ती आली. हातात पिशवी होती, मागे सासरे होते. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मित्रांनो, ती किती वेळ पाहत होती म्हणून सांगू? मला तर एक युग वाटलं. मग तिनं पिशवी खाली ठेवली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "डावी मिशी अजून चुरगळलेली आहे."

आणि ती हसली. मोठ्यांदा, पोट धरून. मग काय विचारता! मशीनवाला टेबल बडवायला लागला, मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, म्हातारे खोकेपर्यंत हसले. एवढा हलका मी सुताराच्या अंगणातून निघालो तेव्हाही झालो नव्हतो.

हसणं ओसरल्यावर तिनं मामांच्या हातातला खडू घेतला आणि त्या चित्राशेजारी दोन हात काढले. एवढंच, नुसते हात. बोटांची पेरं जाड, उजव्या अंगठ्याचं नख वाकडं, मनगटावर इस्त्रीनं भाजल्याचा लांबट डाग. कोणाचे हात, हे कोणी विचारलं नाही. मामा पुढे आले. स्वतःचा हात त्यांनी त्या हाताशेजारी धरून पाहिला. साऱ्या धुलाईघराची चित्रं काढणाऱ्या या माणसाचं चित्र आजवर दुसऱ्या कोणी काढलं नव्हतं. "नख बरोबर जमलंय," एवढंच ते म्हणाले, आणि मग ते सगळ्यांसमोर रडले. इस्त्री न केलेली मिशी पार भिजून गेली.

त्या दिवशीची गाडी चुकली, हे सांगायला नकोच. आता इथे महिना भरला की नव्या माणसाला आधी विचारतात, तुमच्याकडे कसं हसतात?

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्यानं माझा रंग जातो, ही विनंती तर आहेच. पण आणखी एक मागतो. कोणी तुमच्या थट्टेला हसलं नाही, तर त्याला गंमत कळत नाही असं म्हणून मोकळे होऊ नका. आणि कोणी हिरमुसून निघून गेलं, तर उद्या विचारू म्हणून बसू नका. आम्ही पाच दिवस बसलो. शेवटी दोन गल्ल्या ओलांडून एक म्हाताराच आला, घरातली सगळ्यात चांगली चादर घेऊन.