लोहाची गोळी

जंगलू कुमरेला एक खोड होती. कोणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. देवळीच्या बाजारात सोयाबीनची पोती उचलता उचलता तो अख्ख्या बाजाराला घरच्या बातम्या पुरवायचा, आणि त्याची पोरगी ज्योत्स्ना सिकलसेलची आहे हे तर तिथल्या चहावाल्यापासून अडत्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं. बायको रुखमा यावरून त्याच्यावर चिडायची. फार चिडली की गोंडीत बोलायची, म्हणजे शेजाऱ्यांना तरी कळू नये.

पण खरं सांगायचं तर ही खोड त्याला जन्मजात नव्हती, लावलेली होती. ज्योत्स्ना लहान असताना तिच्या हातापायांत कळा उठायच्या, डोळे पिवळेधमक व्हायचे, आणि जंगलू तिला खांद्यावर टाकून वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन भिंतीशी मुकाट उभा राहायचा. मग एक दिवस कांता नावाच्या सिस्टरनं त्याला चांगलंच झापलं. "तोंड दिलंय ना देवानं? आल्या आल्या सांगायचं, पोरगी सिकलची आहे म्हणून. आम्हाला काय स्वप्न पडतं का?" त्या दिवसापासून जंगलू सांगायला लागला, आणि काय आश्चर्य, कामं व्हायला लागली. रांगेत पुढं घेऊ लागले. रक्ताची पिशवी लवकर मिळू लागली. एसटीत सिकलचं कार्ड दाखवलं की तिकीट लागेना. बारावीच्या पेपरला पोरीला जास्तीचा वेळ मिळाला. सांगितलं की भलं होतं, एवढी एकच विद्या जंगलू या जगाकडून शिकला होता आणि ती त्यानं मनापासून पाळली.

त्याच कांता सिस्टरनं त्याला आणखी एक गोष्ट पक्की पढवली होती. या पोरीला लोहाची गोळी द्यायची नाही. वारंवार रक्त चढवलं की अंगात लोह साठतं, वर गोळ्या दिल्या तर ते काळजाला बाधतं. शाळेत पोरींना लोहाच्या गोळ्या वाटायच्या, तेव्हा जंगलू काम टाकून हेडमास्तरांकडे गेला होता आणि तासभर समजावून आला होता. हेडमास्तर पुढं कित्येक दिवस त्याला लांबून पाहिलं की रस्ता बदलायचे.

ज्योत्स्नाचं अर्धं बालपण त्या वॉर्डात गेलं. इतर पोरी भातुकली खेळत त्या वयात ती सलाईनचे थेंब मोजायची आणि कांता सिस्टरच्या मागं मागं फिरायची. तिला नर्स व्हायचं होतं. हे काही खूळ नव्हतं. त्यासाठी तिनं जीवशास्त्र घेतलं, दुखण्यातून उठून उठून अभ्यास केला, आणि बारावीला असे मार्क आणले की जंगलूनं बाजारात पेढे वाटले.

मग एका संध्याकाळी तिनं बापाला नर्सिंगचे रस्ते समजावून सांगितले. दोन वर्षांचं एएनएम असतं, ते करून गावातल्या उपकेंद्रात नर्स होता येतं. तीन वर्षांचं जीएनएम असतं. ते केलं की पुढं आणखी दोन वर्षं शिकून डिग्री मिळते. आणि चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, त्यात एकदम डिग्री.

"म्हणजे एक थेट गाडी हाये अन् एक बदलून जायची," जंगलू म्हणाला.

"तसंच समज. मले थेट गाडीनंच जायचं हाये बाबा."

"काऊन? घाई काय हाये तुले?"

"माह्या अंगात ताकद कवापर्यंत राहीन, काय सांगता येते," ती सहज म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. रुखमा चुलीपुढून उठून बाहेर गेली. जंगलूनं त्या दिवशी पहिल्यांदाच विषय बदलला.

गल्लीतली स्वीटी तिची शाळेपासूनची मैत्रीण. किराणा दुकानदाराची पोरगी, दिसायला धीट, पण रक्त दिसलं की हिला घेरी यायची. ज्योत्स्ना नर्सिंगला जाते म्हणून हीसुद्धा निघाली. दोघींनी प्रवेश परीक्षा दिली आणि दोघींचा नंबर हिंगणघाटच्या वाटेवरच्या एकाच कॉलेजात लागला. ज्योत्स्नाचा नंबर स्वीटीच्या बराच वर होता. वर्षभर तिला कळा आल्या नव्हत्या, रक्त लागलं नव्हतं. देवळीच्या डॉक्टरांनी तिला तपासून तंदुरुस्त असल्याचा कागद दिला, कारण त्या दिवशी ती तंदुरुस्त होती. आता कॉलेजची स्वतःची तपासणी तेवढी राहिली होती.

कॉलेजच्या फाटकाशी ज्योत्स्नानं बापाचा हात धरला.

"बाबा, आज तू बोलायचं नाई. कोनी विचारलं तं मी सांगीन. कोनी नाई विचारलं तं नाई."

"बरं माय."

"माह्यी शपथ घे."

"घेतली ना. नाई बोलत."

त्यानं शपथ खरोखरच मनापासून घेतली होती. बिचाऱ्याच्या पोटात पाप नव्हतं. तपासणीच्या खोलीत तो दारापाशी हाताची घडी घालून उभा राहिला. पोरींची उंची झाली, वजन झालं, भिंतीवरची अक्षरं वाचून झाली. बोटाला सुई टोचताना स्वीटी पांढरीफटक पडली आणि तिला बाकावर आडवं करावं लागलं. ज्योत्स्नानंच तिला पाणी पाजलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "ही नर्स दिसते खरी." जंगलूची छाती फुगली, पण तो बोलला नाही.

मग बाईंनी ज्योत्स्नाचा रिपोर्ट पाहिला. "हिमोग्लोबिन कमी आहे गं. तुम्हा सगळ्या पोरींचं हेच रडगाणं. पालेभाजी म्हटलं की नाकं मुरडता." त्या लिहीत होत्या. "लोहाच्या गोळ्या देते, तीन महिने रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. बाकी फिट आहेस." तंदुरुस्तीच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन टेकवलं.

ज्योत्स्ना म्हणाली, "हो मॅडम."

जंगलूला ते "हो" ऐकू आलं. तीन महिने रोज. पोरगी होस्टेलात राहणार, कोणाच्या तरी धाकानं गिळत जाणार, आणि आपण देवळीत. लोह आणि काळीज एवढे दोनच शब्द त्याच्या डोक्यात घुमायला लागले. शपथ आठवत होती, सगळं आठवत होतं. नुसतं "तिच्या पोटाले मानवत नाई" म्हणाला असता तरी भागलं असतं. पण खोटं त्याच्या जिभेवर कधी रुजलंच नव्हतं.

"मॅडम, लोहाची नका देऊ तिले."

पेन थांबलं. "का?"

"ती सिकलची हाये ना."

एकदा सुरू झाल्यावर तो थांबला नाही. अडीच वर्षांची होती तेव्हापासूनच्या कळा, पिवळे डोळे, चढवलेलं रक्त, कांता सिस्टर, शाळेतल्या गोळ्या, सगळं त्यानं सांगितलं. आपण पोरीला मोठ्या संकटातून वाचवतो आहोत असं त्याला वाटत होतं. शेवटी तर तो म्हणाला, "म्हनून तं मॅडम, हिले पेशंटचं दुखनं समजते. दुसऱ्या पोरीयपेक्षा जास्त समजते." आता बाई शाबासकी देतील, आतापर्यंत जसं सगळीकडे झालं तसं पोरीला पुढं घेतील, म्हणून तो थांबला. ज्योत्स्ना जमिनीकडे पाहत होती.

बाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ज्योत्स्नाला समोर बसवलं. "बाळ, हे तू का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही, मॅडम."

"रात्रपाळी असते. आठ-आठ तास उभं राहायचं. वॉर्डात हरतऱ्हेचा संसर्ग. एका जागरणानं तुला कळा येतील. चार वर्षांत तू पेशंट म्हणूनच जास्त दिवस काढशील. मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. आता माहीत असून मी सही कशी करू?"

"मी करते मॅडम. मी सांभाळते," ज्योत्स्ना म्हणाली. मग उठून तिनं हात जोडले. पोरगी आयुष्यात कोणापुढं हात जोडून उभी राहिली नव्हती, सुयांपुढंही नाही. जंगलूला ते पाहवेना.

बाईंनी तिची पाठ थोपटली, डोळे पुसायला रुमालही दिला. सही मात्र दिली नाही.

ज्योत्स्ना ऑफिसात गेली. तिनं जीएनएमचं विचारलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, तपासणी हीच. तिनं एएनएमचं विचारलं. तिथंही हीच. रस्ते तीन होते पण आत शिरायचं फाटक एकच निघालं. साहेब बिचारे समजुतीनं म्हणाले, "बीए करा ना. घरी बसून होतं." स्वीटी एव्हाना बाकावरून उठून बसली होती. तिच्या कागदावर सही झाली होती.

बसथांब्यावर बापलेक बाकावर टेकले. मग ज्योत्स्ना म्हणाली, "फेकून देल्या असत्या ना मी त्या गोळ्या. नालीत टाकून देल्या असत्या."

जंगलू तिच्याकडे पाहतच राहिला. हे इतकं साधं होतं आणि त्याला सुचलं नव्हतं. पोरीला माहीत होतं. त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, तिनं स्वतः वाचलं होतं. ती तिथं "हो मॅडम" म्हणाली ते गिळण्यासाठी नव्हे, आत जाण्यासाठी म्हणाली होती. त्यानं कपाळावर हात मारला तशी ती म्हणाली, "राहू दे बाबा. लोकं पाहून राह्यले."

त्यानंतर जंगलूनं जे करता येईल ते केलं. ज्यांच्याकडे तो पोती उचलायचा त्या प्रभाकररावांना घेऊन तो दोन-तीन मोठ्या माणसांना भेटून आला. वर अर्ज गेला. वरून काही आलं नाही. प्रवेशाची मुदत संपली आणि ज्योत्स्नाची जागा यादीतल्या पुढच्या पोरीला गेली. प्रभाकरराव म्हणाले, पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात टाका अर्ज, आणि तू जंगलू, तपासणीच्या दिवशी घरीच बस. रुखमाला ते पटलं. पण ज्योत्स्ना म्हणाली, "त्या बाई खोटं नाई बोलल्या." असं ती एकदाच म्हणाली आणि बापाला कळलं की पोरीनं मनातून सोडून दिलं. जीवशास्त्राची पुस्तकं तिनं शेजारच्या पोरीला दिली. जंगलू बाजारात पोती उचलत राहिला. कोणी घरचं विचारलं तर "ठीक हाये" म्हणायचा. चहावाल्याला वाटलं, याच्या घरात कोणी गेलं की काय.

थंडी पडली आणि कळा परत आल्या. यंदा अशा आल्या की रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लागल्या. वर्ध्याचा तोच वॉर्ड. कांता सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. ज्योत्स्ना पलंगावर अंग चोरून पडली होती आणि जंगलू स्टुलावर बसून तिचे पाय चोळत होता.

सकाळी त्या कॉलेजातल्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरी बसनं वॉर्डात शिकायला आल्या. नवे गणवेश, कडक इस्त्री, छातीवर नावाच्या पट्ट्या. त्यांच्यात स्वीटी होती. तिनं ज्योत्स्नाला पाहिलं आणि ती दुसऱ्या पलंगाकडे वळायला लागली, तेवढ्यात शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तू ही केस घे. सगळं विचारायचं, पहिल्यापासून."

स्वीटी वही उघडून उभी राहिली. ती नुसती पानाची कड दुमडत राहिली.

"विचार ना," ज्योत्स्नाच हळू म्हणाली.

"नाव?"

"ज्योत्स्ना जंगलू कुमरे."

"शिक्षण?"

"बारावी सायन्स."

स्वीटीचे डोळे भरले. मॅडम मागून म्हणाल्या, "पुढचं. काय करतात?"

"काय… काय करतेस सध्या?"

"काही नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "घरीच."

स्वीटीनं लिहून घेतलं. मॅडम जंगलूकडे वळल्या. "बाबा, दुखणं कधीपासून आहे?" जंगलूनं तोंड उघडलं. गावभर, बसभर, दवाखानाभर हजारदा सांगितलेली गोष्ट, पण एक शब्द बाहेर येईना. त्यानं नुसती मान खाली घातली. मग ज्योत्स्नानंच सांगायला सुरुवात केली, कुशीवर वळून, मध्ये मध्ये दात आवळून, सगळं क्रमानं: कळा कधी आल्या, रक्त कधी लागलं, कोणतं औषध चालतं आणि कोणतं अजिबात द्यायचं नाही. स्वीटीची वही भरत गेली.

मॅडम खूश झाल्या. त्यांनी हात करून बाकीच्या पोरींनाही बोलावलं. "या गं सगळ्या इकडं. इतकं नीट सांगणारी केस मिळायला नशीब लागतं."

पोरी पलंगाभोवती गोळा झाल्या. जागा पुरेना, म्हणून जंगलू उठला आणि त्यानं आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.