शेवाळ खातं कोण?

शिक्षकांना मी शिकवणार होते, आणि पहिल्या बाकावर, हातातला पंखा हलवत, मला पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवणाऱ्या मॅम पुरिंग बसल्या होत्या. त्यांचं पूर्ण नाव पुरिफिकासिओन, पण त्या नावानं त्यांना फक्त पाद्री हाक मारतात.

आंतिके प्रांताच्या किनाऱ्यापासून बोटीनं अर्ध्या दिवसावर आमचं बेट. प्रांताच्या शिक्षण खात्यानं मला माझ्याच गावी पाठवलं होतं. मुलांच्या प्रश्नावरून धडा उभा करायचा आणि त्याच प्रश्नाचं बोट धरून गावापासून जगापर्यंत जायचं, एवढंच मला शिक्षकांच्या गळी उतरवायचं होतं. पहिल्या दिवशी मी टेबलावर ओल्या शेवाळाचा झुपका ठेवला. बेटावरची घरं यावरच जगतात. समुद्रात दोऱ्या ताणून ते लावायचं, वाढलं की वाळवून व्यापाऱ्याला द्यायचं.

"याबद्दल तुम्हाला जे माहीत नाही ते लिहा," मी म्हणाले.

सगळे खाली माना घालून लिहू लागले. मॅम पुरिंगचा कागद कोराच.

"मॅम, तुम्ही?"

"यात मला माहीत नाही असं काय आहे? जन्मापासून याच्याच वासात वाढले." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नेरिसा, चौथीत तू इतके प्रश्न विचारायचीस, की मला पाणी प्यायला फुरसत मिळायची नाही. सरकार आता त्याचाच पगार देतं होय तुला?"

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

दुपारच्या सुट्टीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. केळीच्या पानातला भात उलगडत हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नकोस, बाळ. पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्या मास्तरणीला पोरं किंमत देतील का? इथं ना ग्रंथालय, ना धड वीज. कोणाला काही अडलं की लोक माझ्या दारात येतात. ते कशाच्या जोरावर?"

"पण सगळं तुम्हीच सांगितलंत तर मुलांना शोधायला काय उरतं, मॅम?"

त्यांनी माशाचा एक तुकडा माझ्या भातावर ठेवला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं खऱ्या मुलांना घेऊन धडा घ्यायचा होता. मॅम पुरिंगची पाळी आली. बाकीचे शिक्षक भिंतीशी उभे होते. मॅमचा आवाज तसाच खणखणीत.

"आपलं शेवाळ इथून परदेशी जातं," त्यांनी सुरुवात केली.

रोझवी नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅम, तिथं ते खातं कोण?"

"तिथली माणसं."

"असंच?" रोझवीनं तोंड वाकडं केलं. "बाबा म्हणतो, वाळलेलं शेवाळ बकरीसुद्धा हुंगून सोडते."

शिक्षकांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. मॅमचा पंखा थांबला. ते थांबणं मला लहानपणापासून ओळखीचं होतं; आता रोझवीची धडगत नाही असं वाटलं.

"मला माहीत नाही," मॅम पुरिंग म्हणाल्या. अगदी सावकाश, नवा पदार्थ चाखून बघावा तसं. मग खडू त्यांनी रोझवीच्या हातात दिला. "फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात. आता मला सांगा, हे विचारायचं कोणाला?"

"व्यापाऱ्याला!" मुलं ओरडली. तो धक्क्यावरच पोती मोजून घेत होता. अख्खा वर्ग तिकडे निघाला, मागोमाग आम्ही. त्यानं सांगितलं, कारखान्यात याची भुकटी करतात, तिला कॅराजीनन म्हणतात, पातळ वस्तू तिनं दाट होते.

"कोणती वस्तू?" रोझवीनं विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी पोती भरतो."

मुलं हिरमुसली. पुढची वाट स्वतः न सुचवता थांबून राहणं मॅमना किती जड जात होतं, ते त्यांच्या घट्ट मिटलेल्या तोंडावरून दिसत होतं. शेवटी एक मुलगा म्हणाला, "पाकिटांवर लिहिलेलं असतं, आत काय काय घातलंय ते."

नांग देलियाच्या, म्हणजे आमच्या देलियाताईच्या, किराणा दुकानात वर्ग घुसला तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले. "घेणार आहात काही, की नुसतंच वाचणार?"

"आज वाचणार," मॅम चष्मा पुसत म्हणाल्या.

चॉकलेटच्या दुधावर ते नाव सापडलं. मग दात घासायच्या पेस्टवरही.

"म्हणजे बाबानं लावलेलं शेवाळ फिरून आमच्याच घरी येतं?" रोझवी म्हणाली. "दातांवर?"

मॅम पुरिंग इतक्या हसल्या, की त्यांना फळीचा आधार घ्यावा लागला. भिंतीशी उभे राहून हसणारे शिक्षक आता मुलांबरोबर डबे उलटेपालटे करून वाचत होते.

पुढचा प्रश्न मॅमचा स्वतःचा होता. "नेरिसा, हे शेवाळ आणखी कोण लावतं गं?"

सुलावेसीत, इंडोनेशियात, माझ्या ओळखीच्या हास्नावती नावाच्या शिक्षिका होत्या. काही आठवड्यांनी शाळेमागच्या टेकडीवर, जिथं फोनला रेंज येते तिथं, दोन्ही वर्ग फोनच्या पडद्यावर समोरासमोर आले. दोघी शिक्षिकांचं इंग्रजी लंगडं, पण एकमेकींना सावरत त्या चालत राहिल्या. मुलांना तेवढा धीर कुठला? रोझवीनं पाच बोटं दाखवून म्हटलं, "लिमा." पलीकडून आवाज आला, "लिमा." तिनं डोळ्याला बोट लावलं, "माता." तिकडेही माता. आभाळ लांगित, तिकडेही लांगित. टेकडीवर नुसता गलका उडाला.

"पाणी तापलं की तुमचं शेवाळ पांढरं पडतं का?" हास्नावतींनी विचारलं.

"पडतं. तुमच्याकडे त्यावर उपाय आहे?"

"नाही. आम्ही तेच शोधतोय."

"मग मिळून शोधू," मॅम म्हणाल्या. तेव्हापासून दोन्ही शाळांतली मुलं समुद्राचं पाणी किती तापलं ते मोजतात आणि एकमेकांना कळवतात. उपाय अजून हाती लागलेला नाही. रोझवीचा बाबा मात्र दोऱ्या कुठं ताणायच्या हे आता मुलीला विचारून ठरवतो.

पुढच्या वर्षी खात्यानं शेजारच्या बेटांसाठी प्रशिक्षक मागितला. मी मॅम पुरिंगचं नाव दिलं. त्या निवृत्तीला टेकल्या आहेत, असं वरिष्ठ म्हणाले. मी म्हटलं, "एकदा त्यांच्या वर्गात बसून बघा." ते बसले, आणि उठताना त्यांच्याच कागदावर प्रश्न लिहिलेले होते.

पहिल्या फेरीला मी मॅमबरोबर गेले. डोक्याला रुमाल बांधून त्या बोटीत ताठ बसल्या होत्या. धक्क्यावर तिथले शिक्षक आमची वाट बघत होते. मी मॅमची पिशवी उचलली, तेव्हा एकानं मॅमना विचारलं, "या तुमच्या मदतनीस का?"

"ही नेरिसा," मॅम म्हणाल्या. "हे सगळं मी हिच्याकडून शिकले. आणि हिला वाचायला मी शिकवलं."

पिशवी जड होती. चढावर त्यांनी ती दोनदा मागितली. मी दिली नाही.