सुई अर्ध्यावर

तलावावरचा चौकीदार कचरू चिखलानं माखलेला ठाण्याच्या बिनतारी खोलीत शिरला आणि दारातच मटकन बसला. "साहेब, तलावाची भिंत खचून राह्यली. दिवस बुडेपर्यंत टिकत नाही."

जानरावनं झटक्यात सेट चालू केला. जळगाव जामोदच्या ठाण्यात त्या घडीला बिनतारी चालवणारा तो एकटाच. तलावाखाली नदीकाठी दोन गावं, एक टेकाडावर आणि दुसरं खोलगटातलं, बोरखेडी. बोरखेडी त्याची सासुरवाडी. बायको गीताबाई बाळंतपणाला तिथंच होती, पोराचं बारसंही व्हायचं होतं. फोनच्या तारा सकाळीच तुटलेल्या, ठाणं आणि गावांच्या मधला नाला दुथडी वाहत होता. पोचलीच तर नांदुऱ्याची जीप पोचणार, आणि नांदुऱ्याला कळवायला हा एक सेट.

त्यानं मोर्सची कळ ठोकायला घेतली. "तलाव फुटतोय. दोन्ही गावं हलवा." बोट कळीवर, पण डोळे सुईवर. एरियलला किती शक्ती जाते ते ती सुई दाखवायची, आणि ती लाल खुणेच्या अर्ध्यावरच थरथरत होती. झालं! सेट कमजोर पडला, नांदुऱ्यापर्यंत काही जातच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. अशा वेळी हात आवरून उत्तर ऐकायचं असतं. पण भ्यालेल्या माणसाला कान कुठले? हा पठ्ठ्या एका हातानं ठिपक्यांमागून ठिपके ठोकत दुसऱ्या हातानं शक्ती वाढवायचं बटण पिळत बसला. सुई चढली, लाल खुणेला लागली. जीवात जीव येतो न येतो तोच जळका वास सुटला. सेटमधल्या मोठ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळीच्या, पोटातला पत्रा निखाऱ्यासारखा लाल झाला आणि काच तडकली.

वासानं हैदर धावत आला. सेटची दुरुस्ती त्याच्याकडे होती.

"ठिपके ठोकता ठोकता सुई पाह्यली का बे?"

"अर्ध्यावर होती, हैदरभाई!"

"असनारच! ठिपक्याठिपक्याच्या मंधात जागा रायते. अर्धा वखत तं सेट मुकाच अस्ते, अन् सुई साऱ्याचा मिळून हिसाब दाखवते. कळ दाबून धरली अस्ती तं गेली अस्ती लाल खुनेवर. काई झालं नोतं सेटले."

तेवढ्यात रिसीव्हर वाजू लागला. तो शाबूत होता. जानरावच्या कानांनी अक्षरं आपोआप जुळवली. "संदेश मिळाला. जीप एकच. आधी कोणतं गाव? कधीचं विचारतोय. आधी कोणतं गाव?"

म्हणजे पहिलाच संदेश पोचला होता! जानरावनं कळ दाबली. सुई जागची हलली नाही. "माह्या हातानं मारलं मी त्याह्यले," म्हणत तो रडू लागला.

हैदरनं शिवी गिळली. एरियलची तार सोडवून त्यानं आतल्या लहान व्हॉल्व्हला जोडली. "आता ठोक."

"सुई तं मेलेलीच हाय!"

"एवढीशी शक्ती सुईले नाही दिसत. नांदुऱ्याच्या कानाले समजन." हैदरनं आपला पंजा मीटरच्या काचेवरच ठेवला. "तिकडं पाहूच नको. बोरखेडी ठोक अन् थांब. थांबजो बरं."

जानरावनं ठोकलं आणि बोट उचललं. नुसती खरखर. त्याचा हात दोनदा कळीकडे गेला, दोनदा हैदरनं मनगट धरलं.

मग खरखरीतून अक्षरं आली. "बोरखेडी. जीप निघाली."

निघाली, पोचली नव्हती. तिकडे भिंत खचतच होती. जानराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. कचरूनं पाणी पुढं केलं, ते त्याला दिसलंही नाही.

उन्हं कलल्यावर रिसीव्हर पुन्हा वाजला. "तलाव फुटला. बोरखेडी वाहून गेली." जानरावला कळीवर झेप घ्यावीशी वाटली, पण तो हलला नाही. अक्षरं येतच होती. "माणसं सगळी नांदुरा ठाण्यात. टेकाडावर पाणी चढलं नाही. एक ओली बाळंतीण, पोर कुशीत. दोघं बरी."

शेवटचं अक्षर त्यानं ऐकून घेतलं. मगच हात बाहेर काढले आणि तोंड झाकलं.